चार मिनिटं

कोर्टात मला एकच प्रश्न विचारला:
दार उघडायला किती वेळ लागला?
चार मिनिटं, मी म्हणालो.
कारकून बाईंनी टिपून घेतलं
आणि मला मोकळं केलं.

ग्रिम्सबी. फेब्रुवारी.
बंदरावरचं वारं आता मासळीचा वास आणत नाही,
नुसता गारठा आणतं.
बोटी गेल्या, बर्फाचा कारखाना गेला,
राहिली कौन्सिलची घरं आणि त्यांची कुलपं,
त्यांच्यावर माझं पोट.
तिसऱ्या मजल्यावर दोन पोलीस उभे, आणि डेनिस प्रॉक्टर,
गळ्यात ओळखपत्र,
फाईल उराशी धरलेली, जणू कुणी हिसकावणार आहे.
"सहा वेळा आले होते मी," ती म्हणाली.
मी विचारलं नव्हतं.

तिच्या नावावर एकतीस मुलं होती, हे पुढे चौकशीत निघालं.
मधे आईनं रस्त्यापलीकडे घर बदललं,
रस्त्यापलीकडे वॉर्ड बदलतो,
म्हणून फाईल अकरा आठवडे
एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे निघालेली.
रस्ता ओलांडायला तीस पावलं लागतात. मी मोजलीत.

पाळणाघरातल्या मिस ऑग्डननी दोनदा फोन केला:
पोर दुसऱ्यांच्या डब्यातलं उचलून खातं.
नोंद झाली.
"भूक चांगली," अशी.

वरच्या मजल्यावरचे स्केल्टन शपथेवर म्हणाले,
रडणं यायचं भिंतीतून, रात्री फार.
मग थांबलं.
तेव्हा मी बायकोला म्हटलं, चला, सावरलं बाई हे घर.

खालचं कुलूप दीड मिनिटात निघालं.
वरचं माझ्या ओळखीचं होतं.
सप्टेंबरात मीच बसवलेलं.
"पोरगी बाहेर पळते हो," आई म्हणाली होती,
"वर बसवा, हात पोचणार नाही असं."
मी म्हटलं, बघू तरी केवढी आहे.
टॅमसिन चौकटीला पाठ लावून उभी राहिली, टाचा जुळवून,
मी पेन्सिल तिच्या डोक्यावर आडवी धरली
आणि लाकडावर रेघ ओढली.
ती वळली, रेघेला बोट लावलं, म्हणाली,
ही मी.
पंधरा पौंड. पावती दिली.

रेघ होती तिथेच.
पेन्सिलीची रेघ इतकी टिकते, मला माहीत नव्हतं.

दार आत ढकललं तर पायाशी कार्डं,
सहा, पिवळी:
आम्ही येऊन गेलो. घरी कोणी नव्हतं. कृपया संपर्क साधा.
त्यातल्या दोनांना कोपरे नव्हते.
उंदीर, मला वाटलं.
धाकटा पोलीस खाली बसला, एक कार्ड उजेडात धरलं,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
तुम्ही खाली जा आता.

मी खाली गेलो. व्हॅनमध्ये बसलो.
बिल कुणाच्या नावानं करायचं, याचा विचार केला,
खरंच केला.

अहवाल एकशे चौदा पानांचा आहे.
त्याच्या वाक्यांना कर्ता नाही.
भेट देण्यात आली. संपर्क होऊ शकला नाही.
धडे घेण्यात आले आहेत.
आई तुरुंगात. डेनिसच्या घरावर कुणीतरी अंडी फेकली,
ती गाव सोडून गेली. गावाला हलकं वाटलं.
पंधरा पौंडांचं कुणी विचारलं नाही,
पावतीची दुसरी प्रत माझ्या वहीत आहे,
निळ्या कार्बनमध्ये: एक कुलूप, उंचावर.

अजून फोन येतात. किल्ली आत राहिली, लवकर या.
मी जातो. हत्यारं काढण्याआधी
गुडघे टेकतो,
टपालाची फट बोटानं उघडतो
आणि आत हाक मारतो, पोराला मारावी तशी,
मग कान लावून थांबतो.
मागे घराचा मालक थंडीत पाय आपटत हसतो,
अहो, म्हणतो,
आत कोणी नाही.